पत्त्यांचा महाल आणि नागिणीचा खांब

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथून ते कुणी बाहेर काढलं नाही. थीम पार्कमधले सगळे तिला भूतताई म्हणायचे. एकोणिसाव्या वर्षी ती तिथे झाडूवाली म्हणून लागली आणि दोनेक वर्षांत तिला भुताच्या गुहेची बटणं सांभाळायला बसवलं. लोक छोट्या डब्यातून अंधाऱ्या बोगद्यात शिरायचे. सांगाडा कुठल्या क्षणी उठवायचा, किंकाळी कधी सोडायची, मानेवर गार वारा कधी फुंकायचा, हे सगळं ती काचेआडून ठरवायची. चेहरा मात्र इतका साधा, की नवा माणूस तिलाच विचारायचा, "ताई, आत फार भीती वाटते का हो?"

"तुम्हाला नाही वाटणार," ती म्हणायची, आणि बरोबर त्याच्याच मानेवर वारा सोडायची.

नवरा त्याच पार्कमध्ये मेकॅनिक होता. तिथल्या रोलर कोस्टरला सगळे नागीण म्हणायचे, आणि तिचे खांब, रूळ, चाकं, साखळी हे सगळं त्याच्या हातचं होतं. तीन वर्षांपूर्वी नागिणीच्या चढणीवर ग्रीस लावताना तो खाली पडला. पाय घसरला, असं कागदावर लिहिलं गेलं. पाठीचा कणा दुखावला तो कायमचाच. वॉकर धरून खाटेपासून मोरीपर्यंत जायचं, एवढीच काय ती त्याची वाट उरली. पार्कच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांच्या खोल्यांची एक रांग होती. तिथल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांच्याकडे राहिल्या, भूतताई कामावर असेपर्यंत, या बोलीवर.

पडल्यानंतरचं पहिलं वर्ष तो बोललाच नाही म्हटलं तरी चालेल. "चहा?" म्हटलं की मान हलवायची, "दुखतंय का?" म्हटलं की भिंतीकडे तोंड. भूतताई कामावरून आली की खाटेशेजारी बसायची. बोलून बोलून तिच्या तोंडाला कोरड पडायची. एकदा हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिने पत्त्यांचा कॅट काढला आणि जेवणाच्या ताटावर बंगला बांधायला घेतला. दुसरा मजला चढवला की पडायचा. पुन्हा बांधायचा, पुन्हा पडायचा. सातव्या का आठव्या वेळी खाटेवरून आवाज आला.

"तिरकी कशाला लावतेस? उभी लाव. चार पानांचा चौकोनी खण कर, त्याला लागून दुसरा खण. एकमेकांच्या आधाराने उभी राहतील."

कित्येक महिन्यांत तो एका दमात एवढं बोलला नव्हता. तिने मान वर केली नाही. वर पाहिलं तर गप्प होईल, अशी तिला धास्ती वाटली. "असं?" एवढंच तिने विचारलं.

"हां. आता वर आडवी पानं घाल. वजन पडू दे. वजनाने ते पक्कं होतं."

तेव्हापासून पत्ते त्या घरात आले ते राहिलेच. तो सांगायचा, ती बांधायची. पुढे तर तो सांगायचा त्याच्या पलीकडे तिचे हात गेले. गुहेकडे आठवड्याच्या मधल्या वारी कुणी फिरकत नसे, तेव्हा ती बटणांच्या फळीवर पुरुषभर उंचीचे मनोरे उभे करायची.

गिऱ्हाईक कमी होण्याचं कारण कुणापासून लपलेलं नव्हतं. महामार्गालगत नवं पार्क झालं होतं, तिथल्या पाण्याच्या घसरगुंड्यांपुढे जुन्या भुतांना कोण विचारणार? एक दिवस मॅनेजरने सगळ्या कामगारांना आकाशपाळण्याखाली गोळा केलं. हा मॅनेजर मनाने वाईट नव्हता, पण कणा कमी. मालकापुढे "हो" आणि कामगारांपुढे "बघतो" या दोन शब्दांवर त्याची नोकरी चालली होती. मालक हंगाम संपल्यावर पार्क बंद करायचं म्हणतोय, असं त्याने चाचरत सांगितलं. मग तो भूतताईकडे वळला.

"ताई, तुमचा तो मनोरा मी पाहिलाय. पत्त्यांच्या बांधकामाचा विक्रम असतो, माहीत आहे? एकट्या माणसाने चौदा दिवसांत बांधलेला सगळ्यात मोठा महाल. मी विक्रमवाल्यांना पत्र टाकलंय. लोक बघायला येतील, बातम्या होतील. मालकांना गर्दी दिसली तर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

साठ जणांच्या माना तिच्याकडे वळल्या.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने छताकडे बघतच विचारलं, "किती पानं?"

"जुना विक्रम सातशे अडुसष्ट कॅटचा. म्हणजे चाळीस हजाराला थोडी कमी."

"गोंद?"

"गोंद नाही, चिकटपट्टी नाही, पान दुमडायचं नाही. माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"जमिनीचं बघ," तो म्हणाला. "पानं पडत नाहीत गं, जमीन पाडते."

जागा मिळाली ती जुन्या आरसेमहालाची. आरसे कधीच काढून नेले होते, भिंतीवर त्यांचे फिकट चौकोन तेवढे राहिले होते. एका बाजूला काच लावून बघ्यांसाठी वाट केली. कॅमेरा लावला, त्यातलं चित्र आवाजासकट फाटकावरच्या मोठ्या पडद्यावर यायला लागलं. विक्रमवाल्यांकडून एक निरीक्षक बाई आल्या. दोरीला अडकवलेला चष्मा, हातात जाड वही. हसणं त्यांच्या कामात बसत नसावं. पान पडलं की त्या घड्याळात बघून वेळ लिहायच्या, दहा पडोत की दहा हजार.

पहिले पाच दिवस चांगले गेले. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, दिवसाला तीन हजार पानं. भूतताई गुडघ्यांवर बसून खणाला खण जोडत सरकायची, उंची वाढली तशी स्टुलावर चढली, मग शिडीवर. मधला घुमट, दोन्ही बाजूंना दोन पाखे, पुढे कमान. काचेपलीकडे लोक श्वास रोखून उभे राहायचे, आणि बाहेर पडले की सरळ नागिणीच्या रांगेत जायचे. महाल बघायला आलेल्या माणसाला थरार हवाच असतो. नागिणीच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. नागीण चालवणारा, ज्याला सगळे नागीणवाला म्हणत, काचेजवळ येऊन शाबास म्हणून अंगठा वर करून गेला. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले.

सहाव्या दिवशी दुपारी ती शिडीवर होती. डाव्या पाख्याचा चौथा मजला चालला होता. बाहेर नागीण चढणीवरून सुटली, लोक किंचाळले, जमिनीतून एक बारीकशी थरथर आली. शिडीच्या पायरीतून ती तिच्या तळव्याला जाणवली. डाव्या पाख्याच्या कोपऱ्यातलं एक पान कलंडलं. मग त्याच्या शेजारचं. मग पाऊस पडावा तसा आवाज झाला आणि सगळा पाखा खाली बसला.

काचेपलीकडून एक मोठा "अरेरे" आला, आणि त्यात थोडीशी मजाही होती.

"चार हजार तीनशे," निरीक्षक बाई म्हणाल्या आणि वेळ लिहिली.

भूतताई शिडीवरच उभी राहिली. एका क्षणात दीड दिवस मातीत गेला होता. साठ घरांचं ओझं आपण या कागदाच्या तुकड्यांवर ठेवलंय, आणि आपण कोण तर किंकाळीचं बटण दाबणारी बाई, असं तिच्या मनात आलं. रडायचीही सोय नव्हती. कॅमेरा चालू होता.

सातव्या दिवशी कामाला बसण्याआधी ती मॅनेजरकडे गेली. "साहेब, नागीण आठ दिवस थांबवा. जमीन हादरते."

"ताई, अहो महाल बघायला तिकीट लागत नाही, नागिणीला लागतं. ती थांबवली तर मालकांना दाखवू काय?"

"मग निदान कमी फेऱ्या."

"बघतो," मॅनेजर म्हणाला.

तिने घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने एक वेगळाच प्रश्न विचारला. "हादरा नेमका कधी येतो? डबे उतारावरून सुटल्यावर लगेच, की जरा थांबून?"

"मला काय कळतंय? कामात असते मी."

"तर मग उद्या बघ. एका वेगळ्या टेबलावर दोन पानांची झोपडी उभी कर. ती पडली की किती वाजले ते त्या बाईंच्या वहीतून घेऊन ये, सेकंदासकट. मी इथून ऐकतो."

तीन वर्षं तो त्या खाटेवरून नागीण ऐकत होता. खिडकीतून तिची शेपटी तेवढी दिसायची, पण आवाज सगळा यायचा. साखळीची कटकट, माथ्यावरची क्षणभराची शांतता, मग घरंगळणं. आठव्या दिवशी त्याने मांडीवर घड्याळ ठेवलं आणि प्रत्येक फेरीला कागदावर खुणा केल्या. संध्याकाळी भूतताईने निरीक्षक बाईंच्या वहीतून उतरवलेल्या वेळा त्याच्यापुढे ठेवल्या. झोपडी अकरा वेळा पडली होती. अकराच्या अकरा वेळा एकाच जागी, डावं वळण घेताना, माथा सोडल्यापासून मोजून सात सेकंदांनी.

त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"तिथे तिसरा खांब आहे. मला महिनाभर तो आवाज खटकत होता. आधी एकच ठक यायचा, आता ठक-ठक येतो. म्हटलं, कान म्हातारे झाले असतील." त्याने दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. "अगं, खांब उठतोय. डबे वळणावर आले की त्याचा पाया वर उचलला जातो आणि ते गेले की परत आपटतो. दुसरा ठक तो आहे. खालचे बोल्ट ढिले झालेत, नाहीतर तुटलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी पानं आधी पडली. पुढचा नंबर डब्यांचा."

ती खाटेच्या पायथ्याशी खालीच बसली. बाहेर नागिणीची दिवसातली शेवटची फेरी चालली होती. दोघंही कान देऊन ऐकत राहिले. ठक-ठक. एकदा कळल्यावर तो आवाज तिलाही वेगळा ऐकू यायला लागला.

नवव्या दिवशी सकाळी तिने मॅनेजरपुढे वेळांचा कागद ठेवला आणि नवऱ्याने सांगितलेलं शब्दाशब्दाने सांगितलं. मॅनेजरने कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याला पटलं होतं, हे तिला कळलं.

"ताई, नुसत्या आवाजावरून... ते तीन वर्षं अंथरुणाला आहेत."

"म्हणूनच सांगतायत. एकदा जाऊन बोल्टला चावी लावून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे."

"चावी लावली आणि बोल्ट हातात आला तर? मग मला नागीण बंद करावीच लागेल. तपासणीवाले येतील, सील ठोकतील. मालक मग हंगाम संपायचीही वाट बघणार नाहीत. साठ घरं आहेत, ताई. तुमचंही त्यात आहे. तुमची खोलीसुद्धा." त्याचा आवाज खाली गेला. "पाच दिवस. फक्त पाच दिवस जाऊ द्या. विक्रम झाला की दुसऱ्या दिवशी मी स्वतः बंद करतो. शप्पथ."

तिला ओरडायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "पाच दिवस तो खांब थांबेल का, ते त्याला विचारा."

पण ती आरसेमहालात गेली आणि कामाला बसली. ही गोष्ट तिने पुढे कधी कुणापासून लपवली नाही. तो सबंध दिवस ती बसली. खोली गेली तर नवऱ्याला कुठे ठेवायचं, याचा विचार करत तिने अडीच-तीन हजार पानं लावली. दर फेरीला ती मनात सात मोजायची, हात वर धरायची, जमीन हादरून गेली की पुढचं पान ठेवायची. आपण फार हुशारीने काम करतोय, असं एकदा तिला वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या अंगावर काटा आला. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण या आडात दुसऱ्यांची माणसं पडणार होती आणि ती काठावर बसून पत्ते लावत होती.

घरी नवऱ्याने विचारलं, "बंद केली?"

"नाही."

तो पुढे काही बोलला नाही. ते न बोलणं तिला पहिल्या वर्षातल्यासारखं वाटलं.

दहावा दिवस रविवारचा. अकरा वाजेपर्यंत काचेपलीकडे मुंगी शिरायला जागा नव्हती. महालात बावीस हजारांवर पानं उभी होती. भूतताई शिडीवर होती, हातात बदामाची सत्ती. बाहेर साखळी कटकटायला लागली, डबे माथ्यावर आले, शांतता झाली. ती सवयीने मोजायला लागली. पाचावर आली तेव्हा काचेला नाक लावून उभी असलेली एक बाई तिच्या दृष्टीस पडली. कडेवर झोपलेलं पोर, आणि दुसऱ्या हाताने ती कुणालातरी खुणावत होती की हे झालं की आपण तिकडे जाऊ, नागिणीकडे.

भूतताई शिडीवरून उतरली. बदामाची सत्ती तिने टेबलावर ठेवली, जमिनीवर मांडी घातली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

दोन मिनिटं गेली, पाच गेली. काचेपलीकडे कुजबूज झाली. निरीक्षक बाई जवळ आल्या. "बरं वाटत नाहीये का?"

"मी ठीक आहे. नागीण थांबेपर्यंत मी पान लावणार नाही."

"घड्याळ थांबणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

निरीक्षक बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या वहीकडे. "कशासाठी?"

भूतताईने सांगितलं. हळू आवाजात सांगायला सुरुवात केली होती, पण कॅमेऱ्याला कान होते. फाटकावरच्या मोठ्या पडद्यातून तिचा आवाज सगळ्या पार्कभर गेला. तिसरा खांब. सात सेकंद. अकरा वेळा. खांब उठतो आणि बसतो.

मॅनेजर धावत आला तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. "ताई, उठा. हात जोडतो. लोक पळतायत!"

"पळू द्या की."

"तुम्ही सगळ्यांच्या पोटावर पाय देताय!"

"साहेब, नागीण थांबवा. पुढचं पान मी लगेच लावते."

मॅनेजर निरीक्षक बाईंकडे वळला. "तुम्ही तरी सांगा यांना. तुमचे नियम..."

"नियमात बसायला बंदी नाही," त्या म्हणाल्या. वही त्यांनी छातीशी धरली होती. "आणि पडझडीच्या सगळ्या वेळा माझ्याकडे लिहिलेल्या आहेत. कुणी अधिकारी मागायला आला तर मी देणार. तुम्ही फाडा म्हणालात तरी नाही फाडणार."

काचेपलीकडून एका माणसाने ओरडून विचारलं, "कुठला खांब म्हणाल्या त्या? माझी मुलगी रांगेत उभी आहे!" आणि गर्दी एकदम फाटली. जो तो आपलं माणूस शोधत दाराकडे धावला. दहा मिनिटांत नागिणीची रांग मोडली. नागीणवाल्याने रिकामे डबे फलाटाला आणून लावले आणि कळ खाली ओढली. त्याला कुणी सांगावं लागलं नाही. बसवायला माणूसच उरला नव्हता.

भूतताई उठली, शिडीवर चढली आणि बदामाची सत्ती तिच्या जागी लावली. ते एक पान लावायला तिला सहा मिनिटं लागली.

सोमवारी सकाळी सरकारी तपासणीस आले. तिसऱ्या खांबाच्या पायाला चार बोल्ट होते. दोन हातानेच बाहेर आले. तिसरा मधोमध तडकलेला होता. चौथ्या एकट्याच्या जिवावर खांब उभा होता. नागिणीला सील लागलं.

तुम्हाला वाटेल, आता लोकांनी भूतताईचे पाय धरले असतील. तसं काही झालं नाही. न झालेला अपघात कुणाला दिसत नाही. दिसलं ते एवढंच, की मंगळवारी पार्कमध्ये माणूस नव्हतं. जिथली नागीण मोडकी तिथला आकाशपाळणा तरी धड असेल कशावरून, असं म्हणून लोक महालाकडेही फिरकेनात. मळलेल्या काचेवर शेवटच्या गर्दीचे हाताचे ठसे तसेच होते. नळावर पाणी भरताना बायका तिला बघून बादली अर्धी ठेवून निघून जायच्या. तिकीट खिडकीवरची मुलगी तोंडावर म्हणाली, "झालं समाधान?" नागीणवाला समोरून आला तर वाट बदलायचा. सत्तावीस वर्षांची ओळख, पण त्या वळणावर तो असा काही वळायचा, की जणू तिथे भिंत आहे.

भूतताईने तरीही महाल सोडला नाही. आता कशासाठी बांधतेयस, असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा ती फाडकन म्हणाली, "दुसरं काय येतं मला? विक्रम झाला तर कदाचित मालक थांबतील. कदाचित. तुम्हाला याहून बरा काही उपाय सुचतोय का?"

त्याने तिचे हात हातात घेतले. बोटांची टोकं कागदाने घासून सोलली होती, अंगठ्याला चीर पडली होती. त्याने कोमट पाण्यात फडकं भिजवून ती एकेक पुसली आणि वर तेलाचं बोट लावलं. "सकाळी कामाला बसण्याआधी पुसून टाक," तो म्हणाला, "नाहीतर पानं घसरतील."

शेवटचे चार दिवस ती सकाळी सातला बसायची आणि संध्याकाळी सातला उठायची. दिवसाला चार हजारांच्या वर पानं. जेवण निरीक्षक बाई डब्यातून आणून दारात ठेवायच्या. जमीन आता दगडासारखी शांत होती. हात असे कधी चालले नव्हते. आणि बघायला कुणी नव्हतं. कधी कधी तिला वाटायचं, आपण पार्कच्या मयताला बसलोय. मग ती ते मनातून झटकायची आणि पुढचा खण जोडायची, कारण मनातलं ओझं हातात उतरलं की पान कलतं.

चौदाव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास निरीक्षक बाई म्हणाल्या, "झाला."

"काय?"

"विक्रम. आत्ताचं पान एकोणचाळीस हजार नऊशे सदतिसावं." मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, पण आवाज कोरडाच ठेवला. "वेळ उरलाय. आणखी लावायची असतील तर लावा."

तिने आणखी पंचाहत्तर लावली. घुमटाच्या टोकावर पोचल्यावर थांबली. चाळीस हजार बारा. खाली उतरून ती मागे सरकत भिंतीपर्यंत गेली आणि पहिल्यांदा सगळा महाल एकदम पाहिला. घुमट, दोन्ही पाखे, कमान, सगळं पांढरं-निळं, वाऱ्याच्या एका फुंकरीएवढं पक्कं. टाळ्या वाजवायला मॅनेजर, निरीक्षक बाई आणि वीजवाला. मॅनेजरने फुलांचा गुच्छ आणला होता. तो तिच्या हातात देताना त्याला तिच्याकडे बघवलं नाही. "मी आधीच चावी लावायला हवी होती," तो पुटपुटला. ती "हो" म्हणाली.

बातमी आली, पण आतल्या पानावर, दोन बोटांएवढी. मालकाचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. पार्क बंद. खोल्या महिनाअखेर रिकाम्या करायच्या. पत्रात विक्रमाबद्दल अभिनंदनाचं एक वाक्य होतं, आणि ते वाचून नवरा हसला. कडवट हसणंसुद्धा तिने बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

महाल पाडायचं धैर्य कुणाला झालं नाही. मग पार्कची वीज तोडली. गारव्याची यंत्रं बंद पडली, आरसेमहालात दमट हवा शिरली, पानं ओली होऊन वाकली. एका सकाळी पहारेकऱ्याने येऊन सांगितलं, की महाल खाली बसलाय. "आवाजसुद्धा आला नाही, ताई. काल उभा होता, आज नाही." तिने बघायला जायचं म्हणून चप्पल घातली आणि मग काढून ठेवली. बांधाबांध बाकी होती.

नवी जागा मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एक खोली, दुसऱ्या मजल्यावर. तळमजला मिळाला नाही. भूतताईला एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात काम लागलं होतं, चादरींच्या घड्या घालायचं. सामान टेम्पोतून वर गेलं. प्रश्न राहिला नवऱ्याचा. त्याला लाकडी खुर्चीत बसवून वर न्यायचं ठरलं. खालच्या मजल्यावरचा एक शेजारी मागची बाजू धरायला तयार झाला, पुढची भूतताई धरणार होती. पहिल्या आठ पायऱ्यांतच तिचे दंड भरून आले. वळणावर खुर्ची टेकवून ती धापा टाकत उभी राहिली. नवरा मान खाली घालून बसला होता. "मला इथेच राहू दे जरा," तो म्हणाला, आणि त्या "जरा"चा अर्थ तिला कळला: माझं ओझं वाहू नकोस. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला वाटलं, की आता नाही, आता मला खरंच काही जमणार नाही.

खालून कुणीतरी दोन-दोन पायऱ्या चढत आलं. नागीणवाला होता. दोन महिन्यांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. पत्ता त्याला कुणी दिला, कोण जाणे. अंगावर कुठल्यातरी गोदामाचा नवा गणवेश होता. त्याने भूतताईला खांद्याने हलकेच बाजूला सारलं, वाकून खुर्चीचे पुढचे पाय धरले आणि नवऱ्याला म्हणाला, "भिंतीकडे झुक. एक हात माझ्या मानेवर टाक."

"तू कसा काय?" नवऱ्याने विचारलं.

"पुढे बघ. बोलू नकोस, वजन वाढतं."

असं करत ते वर पोचले. खोलीत खाट अजून जोडलेली नव्हती, म्हणून त्यांनी खुर्ची खिडकीपाशी ठेवली. नागीणवाल्याने घाम पुसला, नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायला. भूतताई चहाचं पातेलं कुठल्या खोक्यात आहे ते शोधत होती.

"चहा नको," तो म्हणाला. "कामाची पाळी आहे माझी." दाराशी जाऊन तो घुटमळला. तिच्यावर रागावलेला होता, हे अजून त्याच्या जबड्यात दिसत होतं. "याला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा आदल्या दिवशी सांगत जा. मंगळवारी मला सुट्टी असते."

आणि तो जिना उतरून गेला.